खवले, रंग आणि कात : शेतांतील सापांची खात्रीची ओळख

शेतकऱ्याचा आणि सापाचा संबंध टाळूं म्हटल्यानें टळणारा नाहीं. जेथें धान्य तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें साप, हा क्रम शेतीइतकाच जुना आहे. परंतु इतका नित्याचा शेजार असूनहि सापांची पारख आमच्या शेतकरी वर्गांत व्हावी तितकी झालेली नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें. बांधावर लांबलचक साप दिसला कीं तो नाग ठरवून मारला जातो. आणि रात्रीं घरांत पट्ट्यापट्ट्यांचा साप निघाला कीं ‘कवड्या आहे, कांहीं करीत नाहीं’ असें म्हणून त्यास काठीवर उचलून बाहेर टाकण्यांत येतें. पहिल्या प्रसंगीं बहुधा धामण, म्हणजे वर्षभर बिनपगारी उंदीर मारणारी राखणदारीण, प्राणास मुकते. आणि दुसऱ्या प्रसंगीं तो साप मण्यार निघाला तर माणूस प्राणास मुकतो. दोन्ही नुकसानींचें मूळ एकच, तें म्हणजे ओळख चुकणें.

हा विषय करमणुकीचा नव्हे. इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें, म्हणजे सरासरीनें दरसाल ५८,००० माणसें दगावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत काढलेला आहे. हे मृत्यु बहुतांशीं खेड्यांतील व शेतीवर राबणाऱ्यांचे आहेत. भरतखंडांत सापांच्या तीनशेंहून अधिक जाती असल्या तरी या अनर्थाचा मुख्य भार नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवर आहे. म्हणून हे चार ओळखतां येणें, आणि त्यांच्यासारखे दिसणारे निरुपद्रवी साप त्यांपासून निराळे काढतां येणें, एवढें साधलें तरी शेतकऱ्याचें काम झालें.

सापाची ओळख दोन खुणांवरून पटते : एक रंग व दुसरी खवले. रंग दुरून दिसतो, पण तो फसवितो. खवले फसवीत नाहींत, पण ते पाहण्यास साप हातांत यावा लागतो. आणि जिवंत साप हातांत घेणें हें शेतकऱ्याचें काम नव्हे. या पेंचांतून सोडविणारी वस्तु बहुतेक शेतांत कोठें ना कोठें पडलेली असते. ती म्हणजे सापाची कात. कातेवर सापाचा प्रत्येक खवला जसाच्या तसा उमटलेला असतो, आणि ती चावत नाहीं. जिवंत सापाकडे दुरून रंगाच्या खुणेनें पाहावें, आणि निकाल मात्र कातेवरील खवल्यांनीं करावा, हेंच या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

रंग कां फसवितो

एकाच जातीचा साप मुलखाप्रमाणें, वयाप्रमाणें व कात टाकण्याच्या आगेंमागें निरनिराळा दिसतो. नागाचेंच उदाहरण घ्या. तो गव्हाळ असतो, तपकिरी असतो, काळाहि असतो. फडेवरील दहाच्या आंकड्यासारखी खूण कांहींत ठळक, कांहींत पुसट, तर कांहींत मुळींच नसते. शिवाय फडा काढल्यावांचून ती नीट दिसत नाहीं, आणि पळणारा नाग फडा काढीत नाहीं. कात टाकण्यापूर्वीं कोणत्याहि सापाचा रंग मळका होतो व डोळ्यांवर निळसर सायीसारखा पडदा येतो. कात टाकली कीं तोच साप नव्या कपड्यासारखा झळकतो. चिखलांत लोळलेला साप तर मातीचाच रंग घेऊन हिंडतो.

वयाचा फरक याहून घातक आहे. मण्यारीच्या अंगावरील पांढरे पट्टे मानेजवळ नसतात व शेंपटाकडे दाट होत जातात, कवड्याचे मात्र मानेपासून सुरू होतात, अशी एक खूण पुष्कळांस ठाऊक असते. प्रौढ मण्यारीस ती बहुधा लागू पडते. परंतु मण्यारीच्या पिलाचे पट्टे मानेजवळूनच स्पष्ट असतात. एवढ्या एकाच खुणेवर विसंबणारा मनुष्य विषारी पिलास कवड्या समजणार हें उघड आहे.

मुलखाचा फरकहि असाच आहे. प्राणिशास्त्रज्ञ एका जातीच्या अशा प्रादेशिक भेदांस उपजाती म्हणतात. आपल्या दख्खनचें व कोंकणचें फुरसें दीड वीत, फार तर थोडें अधिक भरतें. राजपुतान्याच्या व सिंधच्या वाळवंटांतील त्याचीच उपजात याहून पुष्कळ मोठी होते, आणि तिच्या पोटावरील खवल्यांची संख्याहि सामान्यतः अधिक असते. आकार व रंग पाहून हे दोन निराळे साप वाटावे; परंतु डोक्यावरील, बाजूवरील व शेंपटाखालील खवल्यांची ठेवण पाहतां दोन्ही फुरसींच ठरतात. जात खवल्यांवरून ओळखण्याची ही शास्त्रीय रीत आहे.

खवल्यांची भाषा

सापाच्या खवल्यांविषयीं एक गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. जन्मतः सापाच्या अंगावर जितके खवले असतात तितकेच मरेपर्यंत राहतात. साप वाढतो तसा खवला मोठा होतो, पण खवल्यांच्या ओळी वाढत नाहींत. म्हणून वीतभर पिलाला जो नियम तोच पुरुषभर सापाला. रंगाच्या अंगीं नसलेला हा गुण खवल्यांच्या अंगीं आहे, आणि म्हणूनच १९०७ सालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें प्रसिद्ध केलेल्या फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराच्या विषारी सापांवरील पुस्तकांत ओळखीचा मुख्य आधार खवल्यांवर ठेवलेला आहे. पुढें दिलेल्या परीक्षांचें तत्त्व तेंच आहे.

पाहावयाचीं ठिकाणें पांच आहेत.

पहिलें, पोट. पोटावर आडव्या, रुंद पट्ट्यांसारखे खवले असतात. त्यांस आम्ही पोटखवले म्हणूं. ते पोटाची सर्व रुंदी व्यापतात कीं मध्येंच थांबतात, हें पाहावें.

दुसरें, पाठ. पाठीचे खवले कौलांप्रमाणें ओळींनीं बसविलेले असतात. कांहीं सापांत ते गुळगुळीत असतात. कांहींत प्रत्येक खवल्याच्या मधोमध उभा कंगोरा असतो. ओळी मोजावयाच्या त्या अंगाच्या मध्यावर. एका बाजूस पोटखवल्याला लागून असलेल्या खवल्यापासून आरंभ करावा, तिरपें वर कण्यावरून जावें व दुसऱ्या बाजूच्या पोटखवल्यापाशीं थांबावें. पोटखवला हिशेबांत धरूं नये.

तिसरें, कणा. कण्यावरून जाणारी मधली ओळ इतर ओळींसारखीच आहे, कीं तिचे खवले मोठे व षट्कोनी आहेत, हें पाहावें.

चवथें, शेंपटाची खालची बाजू. पोटखवल्यांच्या शेवटीं मलद्वार असतें. त्यामागें शेंपूट सुरू होतें. तेथील खवले एकएकटे आहेत, कीं मधोमध दुभागून जोडीजोडीनें बसले आहेत, हें पाहावें.

पांचवें, डोकें. डोक्यावर मोठ्या ढालींसारखे थोडे खवले आहेत, कीं अंगावरच्यासारखे बारीक पुष्कळ आहेत, हें पाहावें. आणि वरच्या ओठाच्या कडेवरील खवले नाकाकडून क्रमानें मोजावे.

रंग व खवले एकत्र वाचण्याचीहि एक रीत आहे. उत्तर अमेरिकेंत ‘गार्टर’ नांवाचे पट्टेदार, बिनधोक साप शेतांत व बागांत सर्वत्र आढळतात. त्यांचे अनेक प्रकार परस्परांसारखेच दिसतात. तेथील अभ्यासक अंगाच्या बाजूचा पट्टा पोटाकडून मोजतां कितव्या ओळींवरून जातो हें पाहतात : सामान्य गार्टर सापांत तो दुसऱ्या व तिसऱ्या ओळींवर, तर त्याच्याच नात्यांतील सडपातळ ‘रिबन’ सापांत तिसऱ्या व चवथ्या ओळींवर असतो. रंगाचें स्थान खवल्यांनीं मोजलें कीं रंगहि साक्ष देऊं लागतो, हें त्यावरून दिसून येईल. आपल्याकडील नानेटी या गार्टरांच्याच उपकुळांतील आहे.

कात वाचण्याची रीत

बांधावरील दगडांत, कडब्याच्या गंजीखालीं, विहिरीच्या पडवींत, कुंपणाच्या कांट्यांत कात सांपडते. ती हातानें ओढूं नये. साप जवळच असण्याचा संभव असतो. लांब काठीनें मोकळी करून उघड्यावर आणावी. कातेस विष नसतें, तेव्हां मग ती हाताळण्यास भय नाहीं. वाळलेली कात चुरते, म्हणून थाळींतील पाण्यांत थोडा वेळ भिजवून जाड कागदावर पसरावी. साप ओठांपासून कात सोडवीत पुढें सरकतो, म्हणून ती पायमोज्याप्रमाणें उलटी होऊन निघते. खवल्यांची संख्या व मांडणी यांत त्यानें फरक पडत नाहीं. कंगोरे मात्र खोबणीसारखे दिसतात. कात ताणली जाते, त्यामुळें ती सापाहून लांब भरते. तिच्या लांबीवरून सापाच्या लांबीचा अंदाज बांधूं नये. डोक्याचा भाग जपून ठेवावा, कारण नागाची परीक्षा त्यावरच होते.

मेलेला साप तपासावयाचा झाल्यास काठीनें उलथावा. तोंडाजवळ बोट नेऊं नये. डोकें तुटल्यावरहि कांहीं काळ जबड्याची हालचाल होते व दंश होऊं शकतो.

चार परीक्षा

पुढील परीक्षा याच क्रमानें घ्याव्या. क्रम बदलल्यास निकाल चुकेल. किनाऱ्यावरील वाचकांनीं प्रथम एक पाहावें : शेंपूट वल्ह्याप्रमाणें चपटें असल्यास तो समुद्रसर्प होय व तो विषारी समजावा. खाडीकांठावांचून इतरत्र हा प्रश्न येत नाहीं.

१. पोटखवले पोटाची सर्व रुंदी व्यापीत नाहींत, अथवा पोट व पाठ सारख्याच बारीक खवल्यांचीं आहेत : साप बिनविषारी. वाळा, मांडूळ, डुरक्या घोणस व अजगर या परीक्षेंत निघून जातात. ही परीक्षा पहिली घेण्याचें कारण असें कीं डुरक्या घोणस व मांडूळ यांच्या डोक्यावरहि बारीक खवले असतात. डोकें प्रथम पाहिल्यास गरीब सापावर विषाचा आरोप येईल.

२. पोटखवले पूर्ण रुंद, आणि डोक्यावर बारीक खवले : साप विषारी. घोणस व फुरसें येथें ओळखू येतात. घाटांतील चापडा यास डोळा व नाकपुडी यांमध्यें एक खळगाहि असतो.

३. डोक्यावर ढाली, कण्यावरील ओळीचे खवले मोठे व षट्कोनी, आणि शेंपटाखालील खवले एकएकटे : मण्यार. या दोन खुणा एकत्र मिळाल्या पाहिजेत. कण्यावरची मोठी ओळ रुका नांवाच्या झाडावरील बिनविषारी सापासहि असते, पण त्याच्या शेंपटाखालील खवले दुभागलेले असतात.

४. डोक्यावर ढाली, आणि वरच्या ओठावरील तिसरा खवला पुढें नाकपुडीच्या खवल्यास व मागें डोळ्यास, असा दोहोंस भिडलेला : नाग. पोवळा नांवाचा बारीक व क्वचित् आढळणारा विषारी सापहि याच परीक्षेंत येतो.

जो साप या चारांपैकीं एकाहि विषारी सदरांत बसत नाहीं त्यापासून मनुष्याच्या जिवास धोका नाहीं, असें महाराष्ट्रापुरतें सामान्यतः म्हणतां येतें. मांजऱ्या व हरणटोळ यांस सौम्य विष असतें, तें त्यांच्या भक्ष्यास पुरतें.

आतां ज्या जोड्यांत घोटाळा होतो त्या एकेक घेऊं.

नाग आणि धामण

धामण ही नागाची मादी होय, ती गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, असे समज अजून गांवोगांव ऐकूं येतात. त्यांत तथ्य नाहीं. नाग व नागीण एका जातीचीं, धामणींत नर व मादी निराळीं. दोन साप अंगें पिळून उभे राहिलेले दिसतात व नागधामणीचें मिलन म्हणून त्यांस हात जोडले जातात, ते पुष्कळदां दोन धामणनर असतात, आणि तें मिलन नसून झुंज असते. दूध पिण्यास लागणारी ओठांची रचनाच सापास नाहीं.

दुरून पाहतां धामण लांब, चपळ, सहा सात फुटांपर्यंत भरणारी. मान डोक्याहून बारीक. डोळा मोठा व गोल. ओठांवरील खवल्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा. अंगाच्या मागील भागावर काळसर आडवे पट्टे. आणि शेंपूट लांब, एकंदर लांबीच्या चौथाईच्या आसपास. नागाचें डोकें मानेशीं सरळ मिळतें, डोळा त्या मानानें लहान व शेंपूट आंखूड.

कातेवर निकाल असा. नागाच्या अंगमध्यावर खवल्यांच्या सुमारें २३ ओळी, सर्व गुळगुळीत. वरच्या ओठावर ७ खवले, त्यांपैकीं तिसरा व चवथा डोळ्यास भिडलेले, आणि तिसरा नाकपुडीच्या खवल्यासहि भिडलेला. धामणीच्या ओळी १६ वा १७. वरच्या ओठावर ८ खवले, चवथा व पांचवा डोळ्यास भिडलेले. आणि नाक व डोळा यांमधील जागेंत बहुधा तीन लहान खवले. नागास त्या जागीं एकहि सुटा खवला नसतो. म्हणून धान्याच्या कोठीपाशीं कात मिळाली तर २३ आणि १७ हे दोन आंकडे आठवावे. सतरांच्या आंत असेल आणि ओठहि धामणीचा असेल, तर तेथें राखणदार नेमलेला आहे असें समजून त्यास सुखानें राहूं द्यावें.

मण्यार आणि कवड्या

प्राणहानीच्या दृष्टीनें ही जोडी सर्वांत महत्त्वाची आहे. मण्यार दिवसां मंद असते व रात्रीं हिंडते. उंदीर, पाली व इतर लहान साप यांच्या मागें ती घरांत शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणांत येते. तिचे दांत बारीक. दंशाची वेदना पुष्कळदां जाणवतहि नाहीं व सूज येत नाहीं. मनुष्य पहाटे पोटांत दुखतें, घसा दुखतो म्हणून उठतो; मग पापण्या मिटूं लागतात व श्वास अडखळतो. अशा रोग्यास अपचन झालें म्हणून घरींच ठेवल्यानें कित्येक प्राण गेले आहेत.

कवड्याहि रात्रीं हिंडतो, घरांत येतो व भिंतीवर चढतो. रंगानें तो तपकिरी, पट्टे मानेपाशीं रुंद व शेंपटाकडे पुसट होत गेलेले. मण्यार चकचकीत निळसर काळी, पट्टे बारीक, पुष्कळदां जोडीजोडीनें, शेंपटाकडे दाट. पण पिलांच्या बाबतींत या खुणा कशा दगा देतात हें वर सांगितलेंच आहे. आणि म्हाताऱ्या मण्यारीवर पट्टे तुटून ठिपक्यांच्या ओळी उरतात.

खवल्यांत मात्र संशयास जागा नाहीं. मण्यारीच्या ओळी १५, क्वचित् १७. कण्यावरची ओळ मोठ्या षट्कोनी खवल्यांची. शेंपटाखालील खवले एकएकटे. कवड्याच्या ओळी १७. कण्यावरची ओळ इतरांसारखीच. शेंपटाखालील खवले दुभागलेले. मण्यारीसहि कधीं कधीं १७ ओळी असूं शकतात, म्हणून केवळ ओळी मोजून थांबूं नये. कणा व शेंपूट हीं दोन्हीं पाहावीं. आणि जिवंत पट्टेवाला साप रात्रीं घरांत दिसल्यास खवले पाहण्याच्या भरीस न पडतां तो मण्यार समजूनच दूर राहावें.

घोणस, डुरक्या घोणस आणि अजगराचें पिलू

घोणशीच्या पाठीवर गडद लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी सांखळीप्रमाणें असतात. अंग जाड, डोकें त्रिकोणी, नाकपुडी मोठी, आणि फुत्कार लोहाराच्या भात्यासारखा. १७९६ सालीं कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांवर ग्रंथ लिहिणारे पॅट्रिक रसेल यांच्या नांवानें ती शास्त्रांत ओळखली जाते. ऊंस, भात व ज्वारी यांच्या कापणींत हात जेथें आंधळेपणानें जातो तेथें ती पडून असते. ती अंडीं घालीत नाहीं, पिलें देते. एका वेतांत वीस ते चाळीस होणें विशेष नाहीं. पेरणीच्या सुमारास बांधाकडेला वीतभर ‘अजगरें’ दिसल्यास तीं घोणशीचीं पिलें असण्याचाच संभव फार, आणि तीं जन्मतःच विषारी असतात.

डुरक्या घोणशीच्या नांवांतच घोणस आहे, पण ती बिनविषारी आहे. तिच्या पाठीवर वेडेवांकडे गडद डाग असतात, नियमित सांखळी नसते. शेंपूट फार आंखूड व निमुळतें, डोळे बारीक. अजगराच्या अंगावरील डाग मोठे व अनियमित, आणि ओठांवर खळगे. या दोघांचे पोटखवले अरुंद. घोणशीचे पूर्ण रुंद. घोणशीचे पाठीचे खवले कंगोरेदार, ओळी २७ ते ३३, डोक्यावर बारीक खवले, शेंपटाखालील खवले दुभागलेले. पोट उलटून पाहिलें कीं या त्रिकुटाचा वाद मिटतो.

फुरसें आणि मांजऱ्या

फुरसें लहान म्हणून त्याची उपेक्षा होते. तें योग्य नव्हे. कोंकणांतील कातळावर, दगडांखालीं, गवताच्या भाऱ्यांत तें आढळतें. डोक्यावर बाणाच्या टोंकासारखी वा पांखराच्या पावलासारखी फिकट खूण, बाजूंनीं नागमोडी पांढरट रेघ. चिडलें असतां तें अंगाचीं वेटोळीं एकमेकांवर घांसून कानशीसारखा खरखर आवाज काढतें. हा आवाज खवल्यांतूनच निघतो : बाजूचे खवले तिरपे बसलेले असून त्यांच्या कंगोऱ्यांस करवतीसारखे दांते असतात. कातेवरूनहि हा तिरपेपणा ओळखतां येतो. शेंपटाखालील खवले एकएकटे असतात. घोणशीपासून त्यास निराळें काढण्याची हीच पक्की खूण.

मांजऱ्या सडपातळ असून त्याच्याहि डोक्यावर खूण व अंगावर नक्षी असते, बाहुली मांजरासारखी उभी असते, म्हणून तो फुरसें समजून मारला जातो. त्याच्या डोक्यावर मोठ्या ढाली असतात, खवले गुळगुळीत असतात व शेंपटाखालील खवले दुभागलेले असतात.

शेताचे इतर सोबती

दिवड पाण्याकांठीं राहते, मासे व बेडूक खाते, चिडखोर आहे, मान पसरते, पण बिनविषारी आहे. डोळ्याखालून व मागून तिरप्या जाणाऱ्या दोन काळ्या रेघा ही तिची दुरून दिसणारी खूण. खवले कंगोरेदार, ओळी १९. नानेटीसहि १९ कंगोरेदार ओळी असून पाठीवर दोन पिवळसर पट्टे लांबवर गेलेले असतात; ती अत्यंत गरीब असते. तस्कर व धामण यांचें उंदीर मारण्याचें काम सर्वश्रुत आहे. विषाचें आमिष फुकट जातें, उंदीर शहाणे होतात, सांपळ्याची ओढ सरते. धामण मात्र बिळांत शिरून काम करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें धामण, नाग, घोणस इत्यादिकांस संरक्षण दिलेलें आहे, हेंहि वाचकांनीं विसरूं नये.

दंश झाल्यावर ओळख शोधूं नये

येथवर जें लिहिलें तें दंशापूर्वींच्या शहाणपणासाठीं आहे. दंश झाल्यावर साप शोधणें, मारणें, त्याचे खवले मोजणें यांत एक क्षणहि दवडूं नये. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारांवर मिळून एकच असतें. तें द्यावयाचें कीं नाहीं हें डॉक्टर रोग्याच्या लक्षणांवरून व रक्त वीस मिनिटांत गोठतें कीं नाहीं या परीक्षेवरून ठरवितात. साप दवाखान्यांत नेण्याची गरज नाहीं. जखम कापूं नये, चोखूं नये, करकचून दोरी बांधूं नये. रोग्यास धीर द्यावा, चावलेला अवयव हलूं देऊं नये, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यांत तडक न्यावें; १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. देवऋषीकडे गेलेला वेळ परत मिळत नाहीं. कवड्या असावा अशी समजूत असली तरी रोग्यास दवाखान्यांत न्यावेंच, कारण ही समजूतच मण्यारीच्या बळींचें कारण होते.

जमिनीवर निजणें सोडून बाजेवर निजणें, मच्छरदाणी अंथरुणाखालीं नीट खोंचणें, रात्रीं बॅटरीवांचून पाऊल न टाकणें, कापणींत काठीनें पुढचें गवत हलवून मग विळा घालणें, पायांत बूट असणें : हीं साधनें स्वस्त आहेत व त्यांनीं जीव वांचतात.

अखेरीस एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक गांवच्या सोसायटींत वा शाळेंत जाड कागदांची एक वही ठेवावी. सांपडलेली कात तींत चिकटवावी, आणि खालीं ठिकाण, महिना, अंगमध्यावरील ओळी, कण्याची ओळ, शेंपटाखालील खवले व ओठाची खूण इतकें लिहावें. दोन चार पावसाळ्यांत त्या वहींतून आपल्या शिवारांत कोण कोठें राहतो याचा नकाशाच तयार होईल. कोणत्या कोठाराचीं भोंकें बुजवावयाचीं, कोणत्या वाटेनें रात्रीं जाऊं नये, कोणत्या बांधावरच्या धामणीस हात लावूं नये, हें त्यावरून ठरवितां येईल. नाग निघाल्यास जाणत्या सर्पमित्रास वा वनखात्यास बोलवावें. शत्रु आणि सेवक एकाच वेषांत वावरतात तेथें वेष पाहून दंड देणारा मालक सेवकच मारून बसतो. खवला पाहणारा मालक तसें करणार नाहीं.